गालिचे धुण्याच्या यंत्राला जनरेटर किती केव्हीएचा हवा? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : स. न. वि. वि. चिंचवड येथे गेली काही वर्षे माझा सोफे व गालिचे धुण्याचा व्यवसाय आहे. पाणी फवारून लगेच ओढून घेणारे जे फिरते यंत्र असते, ते माझ्याकडे आहे. त्यात १२०० वॅटच्या दोन व्हॅक्यूम मोटरी, १०० वॅटचा पंप आणि १५०० वॅटचा हीटर असून यंत्राला दोन स्वतंत्र वायरी आहेत. अलीकडे मीटर न बसलेल्या नव्या इमारतींतील फ्लॅट, मोकळ्या मैदानात उभ्या राहणाऱ्या खासगी बसगाड्या आणि मांडववाल्यांच्या गोदामांतील जाजमे अशी कामे येऊ लागल्याने मी पेट्रोलवर चालणारा जनरेटर विकत घेतला. त्यावर २.८ केव्हीए असे छापलेले आहे आणि ‘यावर एसीसुद्धा चालतो’ असे दुकानदाराने सांगितले होते. प्रत्यक्षात पहिली मोटर चालू होते, दुसरीचे बटण दाबले की इंजिन लोड घेत नाही आणि ट्रिप होते. कधी दहा मिनिटे सर्व सुरळीत चालते आणि मग कोणीही काहीही न करता बंद पडते. आता ५ केव्हीएचा घ्यावा की ७.५ केव्हीएचा?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुम्ही चारही भागांचे वॅट लिहून पाठवलेत, हे फार चांगले केलेत, कारण बहुतेक पत्रांत ‘सोफ्याचे मशीन आहे, किती केव्हीए लागेल’ एवढेच असते आणि त्यावर कोणीही प्रामाणिकपणे उत्तर देऊ शकत नाही. तुमची बेरीज ४००० वॅट होते. २३० व्होल्टला हा प्रवाह सुमारे १७.४ अँपिअर होतो, म्हणजे घरातील १६ अँपिअरच्या एका सॉकेटच्या क्षमतेपलीकडचा, आणि म्हणूनच उत्पादकाने यंत्राला दोन वायरी दिलेल्या आहेत. ग्राहकाच्या घरी त्या दोन वेगवेगळ्या सर्किटांवर लावल्या की भार विभागला जातो. जनरेटरवर मात्र सॉकेट दोन असली तरी त्यामागे वीज निर्माण करणारा अल्टरनेटर एकच असतो, त्यामुळे वायरी दोन असल्याचा तेथे काहीही फायदा होत नाही.

दुसरी गोष्ट त्या छापलेल्या केव्हीएच्या आकड्याची. केव्हीए म्हणजे किलोव्होल्ट-अँपिअर, जनरेटरची क्षमता मोजण्याचे एकक; ढोबळमानाने एक केव्हीए म्हणजे हजार वॅट, मोटरी असतील तर थोडे कमी. पेट्रोल जनरेटरच्या अंगावर ठळक अक्षरांत जो आकडा असतो, तो पुष्कळदा ‘मॅक्सिमम’ म्हणजे थोडा वेळ पेलता येईल एवढा भार असतो. सलग तासन्‌तास देता येणारा ‘रेटेड’ भार त्याहून साधारण दहा टक्के कमी असतो आणि तो बारीक अक्षरांत किंवा केवळ माहितीपुस्तिकेत सापडतो. तुमचा २.८ म्हणजे सलग चालवण्यासाठी सुमारे २.५ धरावा. शिवाय समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे, तसतशी हवा विरळ होते आणि साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर १०० मीटरमागे अंदाजे एक टक्क्याने घटते. पुणे-पिंपरी परिसर साडेपाचशे मीटरच्या आसपास असल्याने पाच-सहा टक्के तेथेच गेले.

आता तुमचे यंत्र नेमके दुसऱ्या मोटरीला का अडते, ते पाहू. व्हॅक्यूमची मोटर ही स्वयंपाकघरातील मिक्सरमध्ये असते तशी कार्बन ब्रशची मोटर असते. स्थिर स्थितीतून वेग घेताना ती क्षणभर नेहमीच्या दुप्पट-अडीचपट प्रवाह ओढते. पहिली मोटर १२०० वॅटवर चालू असताना दुसरीने तेवढ्या क्षणासाठी २५०० ते ३००० वॅट मागितले, तर एकूण मागणी चार हजारांच्या घरात जाते आणि अडीच केव्हीएचे इंजिन मान टाकते. दहा मिनिटांनी आपोआप बंद पडण्याचे कारण बहुधा हीटरचा थर्मोस्टॅट आहे. पाणी तापले की तो हीटर बंद करतो, तुम्ही निर्धास्तपणे काम सुरू करता, टाकीतील पाणी निवले की तो गुपचूप हीटर चालू करतो, आणि दोन मोटरी व पंप आधीच ओढत असलेल्या २५०० वॅटमध्ये आणखी १५०० वॅटची भर पडते.

त्यामुळे ५ की ७.५ या प्रश्नाला माझे उत्तर असे की, आधी हीटर जनरेटरवरून उतरवा आणि मग जनरेटर निवडा. पेट्रोल जाळून वीज करायची आणि त्या विजेने पाणी तापवायचे, याइतका महाग उद्योग या व्यवसायात दुसरा नसेल. १० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.४ युनिट वीज लागते. लहान पेट्रोल जनरेटर एका युनिटला साधारण अर्धा लिटर किंवा त्याहून थोडे अधिक पेट्रोल पितो, म्हणजे प्रत्येक टाकीमागे पाव लिटरच्या आसपास पेट्रोल केवळ पाणी तापवण्यात गेले, आणि तुमच्या हीटरला त्यासाठी सोळा-सतरा मिनिटे लागली ती निराळीच. तेवढेच पाणी गॅसच्या शेगडीवर पन्नास-साठ ग्रॅम गॅसमध्ये तापते. शक्य तेथे आपल्या कार्यशाळेतूनच जाड इन्सुलेशनच्या कॅनमध्ये गरम पाणी भरून न्यावे. कामाच्या जागी शेगडी पेटवायची असेल, तर ती जनरेटर आणि पेट्रोलच्या कॅनपासून चांगली लांब असावी, हे सांगायला नकोच. उत्तर प्रदेशातील भदोहीकडचे हाताने विणलेले लोकरीचे गालिचे धुताना तर गरम पाणी मुळातच टाळावे लागते, कारण लोकर आटते आणि कच्चा रंग सुटतो. तेथे हीटरची गरजच संपते.

हीटर वजा केल्यावर भार उरतो २५०० वॅट. कोणताही लहान जनरेटर त्याच्या रेटेड क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच वापरावा, या हिशेबाने तुम्हाला ३१०० ते ३२०० वॅट लागतील. मोटरीच्या पॉवर फॅक्टरसाठी (म्हणजे मोटर चालवताना केव्हीएचा आकडा पूर्णपणे वॅटमध्ये उतरत नाही, त्यासाठी) आणि पुण्याच्या उंचीसाठी थोडी भर घातली की हा आकडा ३.५ केव्हीए रेटेड येतो. हीटरसह हेच गणित साडेपाच केव्हीएपर्यंत जाते आणि त्या क्षमतेचा जनरेटर उचलायला दोन माणसे लागतात. म्हणजे हीटरचा हट्ट सोडला तर पैसे, वजन आणि पेट्रोल या तिन्हींची बचत होते. ७.५ केव्हीएचा विचार मनातून काढून टाकावा.

नवीन खरेदीपूर्वी मात्र आहे त्या जनरेटरवर एक प्रयोग करून पाहा. दुसऱ्या मोटरीचे बटण बंद ठेवून फक्त एक व्हॅक्यूम मोटर आणि पंप चालवा. हा भार १३०० वॅटचा असल्याने तुमचा जनरेटर तो आरामात पेलेल. बसच्या सीटसाठी आणि सोफ्यासाठी, जेथे हातातील लहान नोझल वापरले जाते, तेथे एक मोटर बहुतेक वेळा पुरते. जाड जाजमासाठी ती कमी पडेल, एका पट्ट्यावरून दोनदा कोरडे ओढावे लागेल आणि वाळायला वेळ लागेल. तुमची निम्म्याहून अधिक कामे सीट आणि सोफ्यांचीच असतील, तर नव्या जनरेटरची घाई करू नये असे माझे मत आहे.

कागदावरच्या वॅटवर पूर्ण विसंबण्यापेक्षा वायरमनकडून क्लॅम्प मीटरने, म्हणजे तारेभोवती चिमटा धरून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने, प्रत्यक्ष प्रवाह मोजून घ्यावा. मीटरच्या चिमट्यात फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारा एकत्र धरल्या तर आकडा शून्य येतो, म्हणून एकच तार सुटी काढलेला लहान तुकडा मध्ये जोडावा लागतो. मोजताना नोझल गालिच्यावरून उचलून हवेत धरावे. नळी तुंबली किंवा नोझल घट्ट चिकटले की मोटरीचा आवाज चढतो आणि तिच्यावर ताण आला असे वाटते, परंतु त्या वेळी पंख्यातून हवाच जात नसल्याने ती उलट कमी प्रवाह घेत असते. सर्वाधिक प्रवाह मोकळ्या नळीला लागतो.

चालू करण्याचा क्रमही पाळावा. जनरेटर भाराविना दोन-तीन मिनिटे चालू द्यावा, मग पहिली मोटर, पाच-सात सेकंदांनी दुसरी, आणि शेवटी पंप. गालिचे वाळवण्याचा ब्लोअर किंवा घासण्याचे एका चकतीचे यंत्र तुमच्याकडे असेल, तर ते या यादीत आणू नये. त्यांत बहुधा इंडक्शन मोटर असते आणि ती सुरू होताना चार ते सहापट प्रवाह घेते. घासणे, पाणी ओढणे आणि वाळवणे ही कामे तशीही एकामागून एक होतात, तेव्हा यंत्रेही एकामागून एकच चालवावीत.

प्रश्न : नाशिकमध्ये आम्ही चार जणी मिळून कार्यालयांची साफसफाई करतो. सुट्टीच्या दिवशी इमारतीचा मुख्य पुरवठा बंद असल्याने जनरेटर नेतो. मागच्या महिन्यात पाऊस होता म्हणून तो लिफ्टजवळच्या पॅसेजमध्ये ठेवला आणि खिडक्या उघड्या ठेवल्या. तासाभरात दोघींचे डोके दुखू लागले, मळमळले. खाली मोकळ्यावर आल्यावर बरे वाटले. हे पेट्रोलच्या वासाने झाले असेल का? त्याच दिवशी यंत्राच्या दांड्याला हात लावताच मुंग्या आल्यासारखेही झाले. जनरेटर कोठे ठेवावा?
— एक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, हे पेट्रोलच्या वासाने झाले असे मानून सोडून देऊ नका. तुम्ही सांगितलेली लक्षणे कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची आहेत आणि मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटणे ही त्याची ठळक खूण आहे. इंजिनाच्या धुरातील या वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास नीट चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. आधी डोके दुखते, मग गरगरते, आणि पुढे माणूस उठून बाहेर जाण्याच्याही स्थितीत राहत नाही. पुन्हा असे कधी झाले, तर सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे, कोणी गुंगीत असल्यास १०८ ला दूरध्वनी करावा आणि डॉक्टरांना जनरेटर चालू होता हे आवर्जून सांगावे.

खिडक्या उघड्या ठेवणे पुरेसे नाही. जनरेटर इमारतीच्या बाहेर, दारेखिडक्यांपासून किमान २० फूट म्हणजे सुमारे ६ मीटर लांब आणि सायलेन्सरचे तोंड इमारतीच्या विरुद्ध दिशेला करून ठेवावा. पॅसेज, जिना, बाल्कनी, तळघर यांपैकी कोणतीही जागा चालणार नाही. खांबांवर उभ्या असलेल्या इमारतीखालचे पार्किंगही चालणार नाही. ते उघडे दिसते, पण धूर छताखाली कोंडतो आणि जिन्याच्या पोकळीतून वर चढतो. पावसात जनरेटरवर ताडपत्रीचे छप्पर उंचावर बांधावे आणि चारही बाजू मोकळ्या सोडाव्यात. तसे करणे शक्य नसेल, तर त्या दिवशीचे काम पुढे ढकलावे.

जनरेटर लांब गेला की वायर लांब होते आणि तेथे लोक हमखास चूक करतात. १ चौरस मिलिमीटरच्या साध्या वायरीचे ३० मीटर एक्स्टेंशन घेऊन त्यातून १० अँपिअर प्रवाह नेला, तर वाटेतच सुमारे ११ व्होल्ट गळतात आणि वायर तापते. हेच अंतर २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तीनपदरी केबलने पार केले, तर घट साडेचार व्होल्टच्या आत राहते. केबल रबरी आवरणाची असावी आणि रिळावर गुंडाळलेल्या अवस्थेत कधीही वापरू नये. पूर्ण उलगडावी, नाहीतर आतल्या वेढ्यांतील उष्णता बाहेर पडत नाही. जोड आणि सॉकेट ओल्या फरशीवर पडू न देता खुर्चीवर किंवा टेबलावर ठेवावेत.

हाताला मुंग्या येणे म्हणजे यंत्राच्या धातूच्या भागात वीज उतरत आहे. मोटरीत पाणी शिरले असेल किंवा अर्थिंगची तार तुटली असेल. मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरने, यंत्र तपासून घेईपर्यंत ते यंत्र घरच्या विजेवरही वापरू नका. ‘आमच्या एक्स्टेंशनला आरसीसीबी आहे, मग भीती कशाची’ असे काही जण म्हणतात, त्यांच्यासाठी एक बाब स्पष्ट करतो. आरसीसीबी म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी घरी ट्रिप होते, कारण विजेचा न्यूट्रल पुरवठ्याच्या बाजूला जमिनीशी जोडलेला असतो आणि गळालेला प्रवाह त्या वाटेने परत जातो. बहुतेक लहान जनरेटरांत न्यूट्रल ना सांगाड्याला जोडलेला असतो ना जमिनीला. एकच उपकरण असताना ही रचना काहीशी संरक्षकही ठरते, पण दोन उपकरणांत एकाच वेळी दोष निर्माण झाला तर झटका बसतो आणि आरसीसीबी वेळेवर ट्रिप होईलच असे नाही. ‘टेस्ट’ बटण दाबल्यावर ती पडली, एवढ्याने खात्री होत नाही. न्यूट्रल सांगाड्याला जोडावा की नाही हे त्या जनरेटरच्या माहितीपुस्तिकेत पाहून परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, आणि नंतर त्याने मुद्दाम गळती निर्माण करून आरसीसीबी पडते हे तुमच्यासमोर दाखवावे. कार्यालयाच्या भिंतीवरील सॉकेटमध्ये जनरेटरची वायर खुपसून सगळा मजला उजळवण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो, तो कदापि करू नये. अचानक मुख्य पुरवठा आला तर जनरेटर जळतो आणि लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

प्रश्न : कोल्हापुरात सोसायट्यांमध्ये काम करताना आवाजाच्या तक्रारी येतात. इन्व्हर्टर प्रकारचा जनरेटर घेतला तर हा प्रश्न सुटेल का? की ‘सायलेंट’ डिझेल घ्यावा?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बऱ्याच अंशी सुटेल, पण तुमच्या भारावर अवलंबून. साधा जनरेटर ५० हर्ट्झ वीज देण्यासाठी मिनिटाला ३००० फेऱ्यांवर फिरत राहतो, मग तुम्ही एक बल्ब लावा की दोन मोटरी. इन्व्हर्टर जनरेटर आधी एकदिश प्रवाह बनवून त्यातून इलेक्ट्रॉनिक मंडलाने ५० हर्ट्झ तयार करतो, त्यामुळे भार कमी असेल तेव्हा इंजिन हळू फिरू शकते. नोझल बदलताना, घाण पाणी ओतताना, फर्निचर सरकवताना आवाज उतरतो आणि पेट्रोलही वाचते. पूर्ण भारावर मात्र हा फरक पुष्कळ कमी होतो. तसेच इन्व्हर्टरचे इलेक्ट्रॉनिक मंडल क्षणिक ओव्हरलोडला साध्या अल्टरनेटरपेक्षा कमी दाद देते, म्हणून मोटरी सुरू करताना ‘इको’चे, म्हणजे कमी भाराला इंजिन हळू करणारे, बटण बंद ठेवावे. तुमच्या यंत्रावर इलेक्ट्रॉनिक कार्ड असेल तर इन्व्हर्टरची स्वच्छ वीज उपयोगाची आहे. केवळ ब्रशच्या मोटरींना तिचे फारसे सोयरसुतक नसते.

आवाजाच्या आकड्यांत एक गफलत नेहमी होते. पेट्रोल जनरेटरसाठी नियमाने ठरवलेली ८६ डेसिबलची मर्यादा ही इंजिनाच्या एकूण ध्वनिशक्तीची आहे, तुमच्या कानाशी पोहोचणाऱ्या आवाजाची नाही. मोकळ्या जागेत एवढ्या ध्वनिशक्तीचा जनरेटर ७ मीटरवर सुमारे ६१ डेसिबल आणि १४ मीटरवर ५५ डेसिबल ऐकू येतो. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. म्हणजे दिवसा अंतर राखून भागते. रात्रीचे काम मात्र जनरेटरवर घेऊच नये. दोन इमारतींमधल्या बोळात ठेवला तर भिंतींवरून आवाज उसळतो आणि वरचे गणित कोलमडते. ‘सायलेंट’ डिझेल जनरेटर आवाजाला बरा असला तरी वजन दोन-दोनशे किलोच्या पुढे जाते. स्वतंत्र टेम्पोवर कायम बसवायचा असेल तरच त्याचा विचार करावा.

प्रश्न : पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांचे गालिचे आम्ही हंगामापूर्वी धुतो. खाली वाईत नीट चालणारा जनरेटर वर गेल्यावर ढेपाळतो. शिवाय पावसाळ्यात तीन महिने पडून राहिल्यावर चालूच होत नाही.
— एक वाचक, वाई

उत्तर : महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तेथे १३ टक्क्यांच्या आसपास ताकद कमी मिळणारच. ३ केव्हीएचा जनरेटर वर गेल्यावर २.६ चा समजून भार ठरवावा. चढणीच्या रस्त्यावर गाडीत तो आडवा झाला नसेल याचीही खात्री करावी. आडवा झाला तर ऑइल सिलिंडरमध्ये किंवा एअर फिल्टरमध्ये शिरते. जागेवर तो तिरका ठेवला तर ऑइल पुरेसे असूनही कमी ऑइलचा इशारा देणारी यंत्रणा इंजिन बंद करते. पेट्रोल वर न्यायचे असल्यास धातूच्या, घट्ट झाकणाच्या कॅनमध्येच न्यावे. कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याविना बाळगता येते, पण ते प्लास्टिकच्या बाटल्यांत नव्हे.

तीन महिन्यांनी चालू न होण्याचे कारण बहुधा कार्बुरेटरमध्ये, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, राहिलेले पेट्रोल आहे. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते; तुमच्याकडच्या पावसात तर विचारायलाच नको. कार्बुरेटरच्या बारीक छिद्रांत साठून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर जमतो. महिन्याहून अधिक काळ जनरेटर वापरायचा नसेल, तर टाकी रिकामी करावी, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे आणि कार्बुरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढून टाकावेत. ऑइल नव्या जनरेटरचे पहिल्या २० तासांनी आणि पुढे दर १०० तासांनी बदलावे. ठेवण्यापूर्वी बदललेले उत्तम. शेवटी सुरू करण्याची दोरी हळूहळू ओढावी आणि ती जड लागेल तेथे थांबावे. त्या स्थितीत इंजिनाचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि पावसाळी दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही.